मशीनवर हातमोजे फ्री

सकाळी भाच्याचा फोटो आला. नवा कोरा लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कातायचं मशीन, शेजारी हा पठ्ठ्या. अंगात हुडी, गळ्याशी त्याच्या दोऱ्या लोंबताहेत, हातात जाडजूड मोजे. खाली लिहिलंय, ‘मामा, बघ, सेफ्टी फर्स्ट!’ मोजे कुठून आणलेस म्हटलं, तर दुकानदाराने मशीनवर फ्री दिले. फ्री! माझा चहा तसाच राहिला.

अरे, लेथवर मोजे? फिरत्या लाकडाला मोज्याचं टोक सापडलं तर मोजा एकटा जात नाही, आतली बोटंही जातात. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. हात मागे घ्यायला वेळ कुठाय?

माझंच सांगतो. डिसेंबरातली सकाळ, गॅलरीतला माझा छोटा लेथ, चकवर (लाकूड जबड्यात धरून फिरवणारा भाग) आंब्याच्या लाकडाचा वाडगा, अंगात आईने विणलेला स्वेटर. पॉलिश पेपर मारत होतो. मनगटाशी बाही जरा सैल होती, बस. चकच्या जबड्याने लोकर धरली आणि बाही उसवत गुंडाळायला लागली. मशीन लहान, पट्टा घसरला, म्हणून आज दोन्ही हातांनी टाइप करतोय. मोठ्या मोटरने विचारलं नसतं.

मान्य, ओंडके उचलताना मोजे घाला. ढलप्या हाताला चटके देतात, हेही खरं. मशीन सुरू करण्याआधी मोजे उतरवा, विषय संपला.

आणि ‘हा महागडा छंद आहे’ म्हणणाऱ्यांनो, कसलं महागडं? माझा अंगरखा म्हणजे जुना ऑफिसचा शर्ट, उलटा घातलेला. बटणं पाठीवर, बायको लावून देते (टोमण्यासकट). गळ्यातून ढलप्या आत जात नाहीत. खिसा कापून टाकलाय, नाहीतर त्यात भुगा भरतो. बाह्या कोपराच्या वर कापून शिवल्यात. खर्च शून्य. पैसे घालायचेच तर चेहऱ्यावर घाला. ग्राइंडिंगवाले वापरतात ती पॉलिकार्बोनेटची फेस शील्ड हार्डवेअरच्या दुकानात दोन-चारशेला मिळते. कोविडमधली ती पातळ फिल्म नव्हे! तडा गेलेला वाडगा फुटून तोंडावर येतो तेव्हा नुसता चष्मा काय करणार? आणि एन-९५ मास्क. लाकडाचा भुगा कॅन्सर करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय.

हे लिहिताना सावंतवाडीच्या चितार आळीतले एक आजोबा आठवले. लेथवर लाकडी फळं कातत होते. अंगात फक्त गंजी, लोंबणारं काही नाही. मी मनात म्हटलं होतं, काय हे, काही सेफ्टीच नाही! मूर्ख मी. कपड्याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. नाकावर मात्र काही नव्हतं आणि बोलता बोलता खोकत होते. तेव्हा खिशात मास्क असता तर दिला असता.

भाच्याला सकाळी फार बोललो. पोराने हौसेने फोटो पाठवला होता. दुपारी त्याला त्या स्वेटरचा फोटो पाठवला. तो अजून दाराआड टांगलेला आहे, एका बाहीचा. आई आता नाही, दुसरी बाही कोण विणणार? बायको दर दिवाळीला टाकून दे म्हणते.

आत्ता त्याचा मेसेज आला. मोजे ताईने गुलाबाच्या कुंड्यांसाठी पळवलेत आणि हा वडिलांचा जुना शर्ट शोधतोय.