‘हिंमत असेल तर आजच बाटली फेका’: हा सल्ला जिवावर बेतू शकतो

सध्या एक संदेश हातोहात फिरतोय. त्यातला मजकूर असा: ‘दारू सोडायला डॉक्टर नको, निर्धार हवा. आजच बाटली फेका. लिव्हर आपोआप नवं होतं. रिपोर्ट नॉर्मल आला की चिंता मिटली. 21 दिवस काढा घ्या, प्रथिनं बंद करा. माणूस ऐकत नसेल तर गोळी न सांगता जेवणातून द्या.’

हा संदेश पुढे पाठवणारे बहुतेक जण पिणाऱ्याच्या घरचेच असतात, थकलेले आणि घाबरलेले. त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

पहिलं वाक्यच सगळ्यात घातक आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकदम काढली की ही उत्तेजना मोकाट सुटते. 6 ते 24 तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. यात उपचारांविना माणूस दगावू शकतो. आणि नेमक्या याच दिवसांत घरचे म्हणतात, ‘नाटकं करतोय, दोन दिवसांत ठीक होईल.’

सकाळी उठल्याउठल्या घोट घ्यावा लागणाऱ्याने, किंवा पूर्वी सोडताना फिट आली असेल त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. दारू सोडायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तिथे शांत करणारी औषधं मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात. लिव्हर खराब असेल तर बहुधा लोराझेपाम निवडतात, कारण त्याचा निचरा करणं थकलेल्या लिव्हरलाही जमतं. सोबत थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, इंजेक्शनने देतात. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून थायामिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवत राहिलं तर वर्निके नावाचा मेंदूचा विकार उफाळू शकतो: गोंधळ, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं. वेळीच थायामिन मिळालं नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते. निर्धार लागतोच, पण फिट निर्धाराने थांबत नाही.

आता ‘रिपोर्ट नॉर्मल’. एसजीओटी आणि एसजीपीटी हे रक्ततपासणीतले आकडे लिव्हरच्या पेशींना इजा होत असताना वाढतात. सिऱ्हॉसिसमध्ये लिव्हर वणांनी भरलेलं असतं, तरी हे आकडे नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेले दिसू शकतात. म्हणून प्लेटलेट, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) पाहावे लागतात. सोनोग्राफी आणि लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करावा लागतो. चरबी साठलेलं लिव्हर दारू सुटल्यावर काही आठवड्यांत सुधारतं, इतकं संदेशात खरं आहे. सिऱ्हॉसिसचे वण मात्र सहसा पूर्ण पुसले जात नाहीत. तरीही त्या टप्प्यावर दारू सोडणाऱ्यांचं आयुष्य वाढतं, त्यामुळे ‘आता सोडून काय उपयोग’ हेही चूकच.

प्रथिनं बंद करण्याचा सल्ला वाचून मला खरंच राग येतो. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाचे स्नायू आधीच झडत असतात. त्याला दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. झोपण्यापूर्वीही थोडं खावं, कारण रात्रभराचा उपास त्याला झेपत नाही. पोटात पाणी झालं असेल तर कमी करायचं ते मीठ. लिव्हरला निचरा न जमल्याने रक्तात साठलेल्या अमोनियाने गुंगी येत असेल तर लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध देतात, रोज दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतकं. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, पोटातल्या पाण्यासोबत ताप आला, बोलण्यात असंबद्धता आली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

काढ्याबद्दल थोडक्यात: अनेक वनौषधींनीच लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दुखऱ्या लिव्हरवर अनोळखी मिश्रणाचा प्रयोग नको.

राहिली जेवणातली गोळी. ती बहुधा डायसल्फिरम असते. ती पोटात असताना दारू घेतली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे दारूपासून बनणारं विषारी द्रव्य साठतं: चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. ज्याला ठाऊकच नाही, तो पिणार, आणि त्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय ही गोळी स्वतःच लिव्हरला इजा करू शकते. ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत: नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन. यातलं बॅक्लोफेन सिऱ्हॉसिसच्या रुग्णांवर तपासलं गेलेलं आहे. कोणतं कोणाला चालेल हे लिव्हर आणि किडनी पाहून डॉक्टर ठरवतात, रुग्णाला सांगून, त्याच्या होकाराने. संदेशात या औषधांचा एका शब्दानेही उल्लेख नाही.