लेख दुप्पट आले म्हणे!

भाची एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल तिने रेसिडेंटांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज पाठवून विचारलं, "मामा, माझा लेख इथे छापायला पैसे भरू का?" मेसेजमध्ये एका वैद्यकीय जर्नलची 'वार्षिक प्रगती': आलेले लेख वर्षभरात दुप्पट, स्वीकृती आठ दिवसांत, नकार जवळजवळ नाहीच. शिवाय तळटीप, 'बाकीची जर्नलं भारतीयांना दारात उभं करत नाहीत, आणि फी तर सगळेच घेतात.'

गर्दी म्हणजे दर्जा असेल, तर दादर स्टेशनला पंचतारांकित म्हणायला हवं. हिंदावी या प्रकाशकाकडेही विशेषांकांच्या जोरावर लेखांचा पूर आला होता. 2023 मध्ये आठ हजारांहून जास्त लेख मागे घ्यावे लागले आणि मालक वायलीने ते नावच गुंडाळायचं ठरवलं.

पण माझं डोकं फिरलं ते 'आठ दिवस, नकार नाही' वाचून. म्हणजे लेख कुणी तपासतच नसणार. 2013 साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकासाठी मुद्दाम एक बोगस शोधनिबंध रचला. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाईबंदांतून काढलेला रेणू म्हणे कर्करोगाच्या पेशी वाढू देत नाही. दावा असा, की मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो. आलेखात मात्र सगळ्या मात्रांना परिणाम सारखाच. एमबीबीएसच्या पोराने पकडावी अशी चूक. लेखक खोटे, संस्था खोटी. 304 जर्नलांना पाठवला. 157 जणांनी घेतला, 98 जणांनी नाकारला. भारतातल्या जर्नलांपैकी 64 जणांनी घेतला, नाकारला फक्त 15 जणांनी. त्याने मुक्त-प्रवेश, म्हणजे वाचायला कुणालाही फुकट असलेली जर्नलंच तपासली, हा आक्षेप रास्त आहे. पण ग्रुपवरचं जर्नलही त्याच पंगतीतलं.

फी चांगली जर्नलंही घेतात, काही तर हजारो डॉलर, मान्य. 'सगळेच' मात्र नाही. परळच्या केईएममधून 1955 पासून निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' वर्षानुवर्षं लेखकांकडून पैसे न घेता चाललं.

आपले लेख परत येतात, हेही खरं. माझे तीन आलेत. एकाच्या परीक्षकाने, म्हणजे जर्नलसाठी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाने, मी चुकीची सांख्यिकी चाचणी लावली हे चार पानं लिहून दाखवलं होतं. फुकट.

भाचीकडून स्वीकारपत्र मागवलं. सुरुवात 'सन्माननीय प्राध्यापक महोदय' अशी. फी अठरा हजार, रात्री बाराच्या आत भरल्यास सवलत. मग तिने पाठवलेला लेख उघडला. मजकुरात तीनदा 'तक्ता 2 पाहा' आहे. तक्ता 2 ती जोडायलाच विसरली होती.