खांदा आणि भाषण: जोगेश्वरीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जोगेश्वरीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली आणि उत्तर द्यायला आठवडा लावला. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर भांडलो असतो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचा स्मृतिदिन असतो. त्या निमित्ताने मी १८ नोव्हेंबर २०१२ च्या रविवारची, त्यांच्या अंत्ययात्रेची आठवण लिहिली होती. जन्मात कधी धनुष्यबाणाला मत दिलं नाही, तरी सेनाभवनापासून थोड्या अंतरावर फुटपाथवर चार तास उभा राहिलो आणि गाडी समोरून गेली तेव्हा हात जोडले. लेखात एक वाक्य होतं, ‘त्या दिवशी सगळी मुंबई रडली.’ आणि शेवटी ‘मरणान्तानि वैराणि’, म्हणजे वैर मरणापर्यंतच. त्यावर जोगेश्वरीकर लिहितात की आमच्या गल्लीत कुणी रडलं नाही, आम्ही टीव्ही बंद करून बसलो होतो. ९३ च्या जानेवारीतल्या दंगलीत ज्यांनी माणसं गमावली त्यांना तुमचे जोडलेले हात दाखवा. मेला की माणूस चांगला होतो, हा तुम्हा दादर-परळवाल्यांचा सोयीचा धर्म आहे.

‘सगळी’ हा शब्द चुकला. त्याचं समर्थन करत नाही. फुटपाथवर उभं राहिलं की डोळ्यांसमोरची गर्दी म्हणजेच शहर असं वाटायला लागतं, एवढंच त्याचं कारण. मुंबईतल्या त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मिळून ९०० मृतांची नोंद आहे, त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. त्याच अहवालाने जानेवारीतल्या दंगलीबाबत ठाकऱ्यांना आपल्या सैनिकांना हल्ल्याचे हुकूम देणाऱ्या कसलेल्या सेनापतीची उपमा दिली आहे. १९९८ साली अहवाल विधिमंडळात मांडला गेला तेव्हा शिवसेना-भाजप युती सरकारने तो फेटाळला. पण ते पान फाटलेलं नाही, आणि त्याचा उल्लेख माझ्या लेखात यायला हवा होता. आठवणीचा लेख आहे, हिशेबाचा नाही, असं म्हणून मी तो टाळला. पळवाटच होती ती.

हात जोडण्याबद्दल मात्र माघार घेत नाही. त्यासाठी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझे वडील लाल बावट्याचे. परळला आमची दहा बाय बाराची खोली, आणि समोरच्याच खोलीत शिवसेनेच्या शाखेतला एक कार्यकर्ता. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला. पुढे त्या जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. त्या काळात आमच्या दोन घरांमधलं बोलणं बंद झालं ते झालंच. नळावर बायका एकमेकींचे हंडे भरून ठेवायच्या, पण पुरुष एकमेकांकडे बघायचे नाहीत. गॅलरी चार फुटांची. चार फुटांच्या गॅलरीत समोरासमोर येऊन न बघणं ही काय कसरत असते, ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल.

संपाच्या वर्षी, ८२ साली, समोरचे गेले. वडील सदरा घालून बाहेर आले आणि कुणी काही बोलायच्या आत पुढचा डावा खांदा त्यांनी दिला. जिना अरुंद, वळणावर तिरडी उभी धरावी लागायची. वडील पाठमोरे, एकेक पायरी चाचपत उतरत होते. स्मशानातून आले, नळाखाली बसून अंघोळ केली, चहा घेतला. दहा दिवसांनी चाळीत शोकसभा ठरली. मंडळाची पोरं बोलवायला आली की काका, तुम्ही दोन शब्द बोला, तुम्ही बोललात तर चांगलं दिसेल. वडील म्हणाले, “खांदा दिला. भाषण देणार नाही.”

दारात उभा राहून मी हे ऐकलं. तेव्हा वाटलं, म्हातारा हट्टी आहे. आता वाटतं, आदर कुठे संपतो आणि खोटं कुठे सुरू होतं ती रेघ त्यांना बरोबर ठाऊक होती. खांदा हा मेलेल्याच्या बायकापोरांसाठी असतो. भाषणात चांगलंच बोलावं लागतं, आणि त्यांच्याकडे चांगलं बोलण्यासारखं नव्हतं.

माझं चुकलं ते इथे. फुटपाथवर हात जोडले हा खांदा होता. ‘सगळी मुंबई रडली’ हे भाषण झालं.

आता ‘मरणान्तानि वैराणि’. ही अर्धी ओळ आपण सगळेच वापरतो, बहुतेक वेळा तोंड बंद करण्यासाठी. वाल्मीकि रामायणात रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्कार करायला तयार होत नाही. असल्या माणसाचा संस्कार मी का करू, असा त्याचा सवाल. तेव्हा राम म्हणतो की वैर मरणापर्यंत, आपलं काम झालं, आता याचा संस्कार कर. पण त्याच बोलण्यात राम हेही म्हणतो की हा अधर्माने आणि असत्याने वागणारा होता खरा, पण तेजस्वी, बलवान आणि शूरही होता. म्हणजे दोष सांगितला, गुणही सांगितला, आणि संस्कारही करायला लावला. आपण श्लोकाचा पहिला चरण पाठ केला आणि बाकीचं सोडून दिलं. (इथे कुणाची रावणाशी तुलना केलेली नाही, तेव्हा कृपया दगड खाली ठेवा.)

टिळक मात्र वडिलांच्या नियमात बसत नाहीत. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात बोलले. ज्यांच्याशी वीसेक वर्षं भांडले त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणाले. पण गोखल्यांबद्दल जे वाईट बोलायचं ते टिळकांनी गोखले जिवंत असताना, त्यांना ऐकू जाईल असं बोलून घेतलं होतं. शिवाय त्यांना तसं बोलायला कुणी भाग पाडलं नव्हतं.

हे ‘भाग पाडणं’ मला सगळ्यात जास्त खुपतं. त्या रविवारी बंद होता. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की आज मुंबई आदरापोटी नाही, भीतीपोटी बंद आहे. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली, आणि पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. म्हणजे तिचं म्हणणं खरं असल्याचा पुरावा मोडतोड करणाऱ्यांनीच दिला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे पडला, आणि ज्याखाली तो गुन्हा होता ते आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. अंत्ययात्रेच्याच आठवड्यात मार्कंडेय काटजूंनी लेख लिहून सांगितलं होतं की मी श्रद्धांजली वाहू शकत नाही. ते तेव्हा प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते, त्यांच्या दारात कुणी गेलं नाही. मुलीच्या नातेवाइकांच्या दारात गेले.

सुतक ज्याचं त्याला. गावाला सुतक पाळायला लावता येत नाही.

अंत्यसंस्काराच्या शासकीय इतमामाबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, पण तिथे मी तुमच्या बाजूचा आहे. ठाकऱ्यांनी कुठलंही सरकारी पद घेतलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून पुढे सहा वर्षं त्यांचा मताधिकार काढून घेतला गेला होता. तो काढणारं राज्य आणि पार्थिवावर तिरंगा घालणारं राज्य एकच. मी हात जोडतो तेव्हा ते माझे दोन हात असतात. तिरंगा घातला जातो तेव्हा त्यात तुमच्या गल्लीचाही वाटा असतो, आणि तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या लेखात लिहायची राहिली. मी उभा होतो तिथे मागे एका उडप्याचं हॉटेल. साठच्या दशकाच्या अखेरीला, शिवसेनेच्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनात, त्याच्या काचा फुटल्या होत्या, हे दादरच्या जुन्या लोकांना माहीत आहे. त्या दिवशी शटर गुडघ्यापर्यंत खाली, आणि त्या फटीतून म्हातारे अण्णा स्टीलच्या पेल्यांतून गर्दीला पाणी देत होते. पेला बाहेर, रिकामा पेला आत. हात तेवढा दिसत होता. महिन्याभराने इडली खाताना मी विचारलं, “अण्णा, ते पाणी आदराचं की भीतीचं?” अण्णांनी गल्ल्यावरची चिल्लर मोजून संपवली आणि म्हणाले, “लोक तहानलेले होते.”

लेखात दुरुस्ती केली आहे. ‘सगळी मुंबई’ पुसलेलं नाही, त्यावर काट मारून ‘शिवाजी पार्कावरची गर्दी’ केलं आहे, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसेल. खाली तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी जोडू का, ते कळवा. आणि टीव्ही बंद करून बसला होतात त्या संध्याकाळी घरात काय बोलणं झालं, ते लिहून पाठवलंत तर तेही छापीन.