नगरसेवक स्वस्तात कसा सांभाळावा

नगरसेवकांचं मानधन वाढवायचा विषय निघाला की ताबडतोब संतापायचं. विचार काय, सावकाश करता येतो. "लोकांची सेवा करायला निघालात आणि वर पैसे मागता?" हे वाक्य पाठच करून ठेवा. ते कुठल्याही पक्षाच्या माणसाला लागू पडतं आणि त्यावर धड उत्तर आजवर एकालाही देता आलेलं नाही. कसं देणार? 'निःस्वार्थ सेवा' असं स्वतःच्या फ्लेक्सवर त्यानेच छापून घेतलेलं असतं.

संतापताना आकडे तोंडावर असले की वजन पडतं. राज्य सरकारने २०१७ मध्ये दर ठरवून दिले ते असे: मुंबईत महिना २५ हजार, पुण्या-नागपुरात २० हजार, ठाणे, नाशिक, पिंपरी-चिंचवडला १५ हजार आणि बाकीच्या महापालिकांत १० हजार. त्याआधी मुंबईतही दहाच हजार होते. शिवाय सभेला हजर राहिल्याबद्दल शे-दीडशे रुपये भत्ता. तेवढ्या पैशांत प्लंबर तुमच्या जिन्याची पायरी चढत नाही, पण माननीय आख्खी सभा बसून काढतात, हे त्यांचे उपकारच.

आता हे काम कागदोपत्री अर्धवेळ आहे. महिन्याला एक सर्वसाधारण सभा, एखाद-दुसरी समिती, संपलं. तुम्ही मात्र त्याला पूर्णवेळ वापरायचं. सकाळी सहाला पाणी आलं नाही म्हणून फोन, रात्री साडेअकराला चेंबर तुंबलं म्हणून फोन. नातवाला शाळेत प्रवेश, सासऱ्यांचं हॉस्पिटलचं बिल, भाडेकरूशी भांडण, मंडळाची वर्गणी, सोसायटीची बाकडी, महिला मंडळाची देवदर्शनाची बस. दहाव्याला तो आला नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवायचं. सभेत आला की नाही, याची मात्र चौकशी करत बसू नका. उगाच त्याच्या कामात ढवळाढवळ नको.

त्याच्या संपर्क कार्यालयात दोन पोरं बसलेली असतात, दारात गाडी असते, गाडीला ड्रायव्हर असतो आणि आल्या-गेल्याला चहा असतो. हे सगळं २५ हजारांत कसं बसतं, असा प्रश्न एखाद्या चौकस माणसाला पडेल. तुम्ही चहा घ्या.

गणिताची हौसच असेल तर एवढंच करा. मुंबईचं मानधन २५ हजार, पाच वर्षांचे महिने साठ, गुणाकार १५ लाख. २०२६ च्या निवडणुकीत मुंबईच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा किती होती? १५ लाखच. म्हणजे मर्यादेइतका खर्च करून निवडून आलेला माणूस पाच वर्षं राबून शेवटी जिथल्या तिथे येतो. पुणेकर माननीयांची तर आणखी दैना, कारण मर्यादा तीच आणि मानधन २० हजार, म्हणजे निव्वळ तीन लाखांचा खड्डा. आणि खर्च मर्यादेतच झाला यावरही विश्वास ठेवायचा. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या पुढ्यात आलेलं बिर्याणीचं ताट कुठल्या मर्यादेत बसत होतं, हे आठवू नका.

एवढ्या तोट्याच्या कामासाठी माणसं तिकिटाकरता रडतात, बंडखोरी करतात आणि सकाळी एका पक्षाचा गमछा घालून बाहेर पडलेली संध्याकाळी दुसऱ्याचा घालून परत येतात. समाजसेवेची केवढी ही तळमळ! उमेदवाराच्या शपथपत्रात 'व्यवसाय' या रकान्यात 'शेती व समाजसेवा' लिहिलेलं असेल तर ते श्रद्धेने वाचायचं. पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र काढून दोन्ही शेजारी ठेवून बघणं हा आगाऊपणा झाला. समाजसेवेला कधी कधी पीक चांगलं येतं.

तर मानधन वाढू द्यायचं नाही, यामागे खरी मेख वेगळी आहे. पगार दिला की मालकी येते, आणि मालकी आली की हिशेब मागायची पाळी आपल्यावर येते. पगारी माणसाला विचारावं लागतं: किती वाजता आलास, काय केलंस, बाहेर दुसरा धंदा करतोस का, त्या धंद्याचा आणि इथल्या फाइलीचा संबंध काय? मानधनवाल्याला असं विचारता येत नाही. तो बिचारा वेळात वेळ काढून येतो. दोघांचीही सोय असते. तुम्ही त्याला पुरेसे पैसे देत नाही, तो तुम्हाला पुरेसं उत्तर देत नाही. असा समसमान व्यवहार मोडायला निघणारे लोक कुठल्या मातीचे असतात, कळत नाही.

कायदा याच्या आड येईल अशी भीती बाळगू नका. महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो, असं १९४९ च्या महापालिका अधिनियमात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणूनच तर तो व्यवसाय मेहुणा बघतो. सलग तीन महिने सभांना दांडी मारली तर पद जाऊ शकतं, हेही आहे. पण तिसऱ्या महिन्यात येऊन सही करायला कोण विसरतो? २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद झाली, म्हणजे नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून त्यांच्यासमोर बसायचं. तुमच्या भागात झाली का? नसेल झाली तर विचारू नका. झाली तर जावं लागेल आणि रविवार फुकट जाईल.

सर्वसाधारण सभा मात्र एकदा प्रेक्षक गॅलरीतून बघाच. तासभर उशिरा गणसंख्या जमते. सुरुवातीला दुखवट्याचा ठराव, आणि गेलेली व्यक्ती पुरेशी मोठी असेल तर श्रद्धांजली वाहून सभा तहकूब, सगळे मोकळे. नसेल, तर नगरसचिव माइकवर विषयाचा क्रमांक वाचू लागतात. क्रमांक पुरता वाचून होण्याआधी डाव्या बाजूने कुणीतरी म्हणतं, "मंजूर." उजवीकडून, "उपसूचनेसह मंजूर." उपसूचना, म्हणजे ठरावातली दुरुस्ती, कुठे आहे? येतेय, टाइप होतेय. मग आयत्या वेळचे विषय. ते आयत्या वेळी येतात, पण ठेकेदाराला आठवडाभर आधीच ठाऊक असतात. नंतर नाल्यावरून अर्धा तास आरडाओरडा होतो, कुणी राजदंडाकडे धावतं, टीव्हीवाले धावतात. त्या गदारोळात पुढचे विषयही मार्गी लागतात, बहुधा एकमताने. गॅलरीत आपल्याशिवाय कुणीच नसतं, त्यामुळे बसायला ऐसपैस जागा मिळते.

मुंबईबाहेर राहत असाल तर तुमचं नशीब आणखी चांगलं. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक, त्यामुळे खड्डा कुणाचा ते लगेच कळतं. बाकीच्या महापालिकांत बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे: अ, ब, क आणि ड. रस्त्याचं डांबरीकरण झालं की 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' असे चार बोर्ड लागतात, दोन तर एकाच खांबाला. तोच रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला की 'अ' म्हणतो तो 'क'च्या निधीतला होता, 'क' म्हणतो काम मागच्या टर्मचं, 'ब' परगावी असतो आणि 'ड' विरोधी पक्षातला असल्यामुळे तुमच्यापेक्षा जास्त चिडलेला असतो. सगळ्यांनी मिळून बोट दाखवायचं ते आयुक्तांकडे, कारण कार्यकारी अधिकार कायद्याने त्यांचेच. आयुक्त निधी नाही म्हणतात. आणि सभागृहाने चुकून एखादा बरा ठराव केलाच, तर तो त्याच १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली मंत्रालयातून निलंबित होऊ शकतो. खड्डा तिथेच राहतो, पण कुणाचाच नसतो.

निम्म्या जागा महिलांच्या. त्यात काही बायका तडफेने काम करतात, प्रशासनाला घाम फोडतात. त्यांच्यापासून जपून राहा. बाकी ठिकाणी फोन 'साहेब' उचलतात, खुर्चीवर साहेब बसतात, अभियंत्यांवर साहेबच ओरडतात. एका मानधनात दोन माणसं. एवढी स्वस्ताई सोडू नका.

एखादा शिकलेला माणूस तुम्हाला सांगेल की मानधनाऐवजी चांगला पगार द्या, पूर्णवेळ काम घ्या, दुसरे धंदे बंद करा आणि दरवर्षी हिशेब मागा. त्याला लॉस एंजेलिस दाखवा. तिथे नगर परिषदेच्या सदस्याला वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर पगार आहे. तरीही तिथल्या एका माजी सदस्याला बिल्डरांकडून लाच घेतल्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये १३ वर्षांची शिक्षा झाली. बघा, पगार देऊन काय मिळालं! समोरचा गप्प बसेल. पण तिथे निदान शिक्षा झाली, हा भाग तुम्ही आपण होऊन काढू नका.

याहूनही स्वस्तात शहर चालवायचा प्रयोग आपण करून बसलो आहोत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात एकही नगरसेवक नाही, सगळा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाचा. छत्रपती संभाजीनगरची मुदत तर एप्रिल २०२० मध्येच संपली होती. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते, पण घटनेला बचतीचं महत्त्व काय कळणार? मुंबईत २२७ जणांचं मानधन वाचलं. २५ हजारांच्या दराने महिन्याला ५६ लाख ७५ हजार, म्हणजे जवळपास चार वर्षांत सुमारे २६ कोटी. या काळात २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं अंदाजपत्रक प्रशासनाने मांडलं आणि प्रशासकानेच मंजूर केलं. दुखवटा नाही, उपसूचना नाही, राजदंड नाही. प्रश्न विचारायला कुणीच नव्हतं, तेव्हा उत्तरं चुकण्याचाही संभव नव्हता.

आता हे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडायचा मोह होईल. सगळ्या नगरसेवकांचं वर्षाचं मानधन सात कोटींच्याही आत, अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर. दर दहा हजारांत एक रुपयासुद्धा नाही. त्या रुपयावर आपण डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतो. उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांसाठी आपल्याला वेळ नसतो. आपणही नागरिक म्हणून अर्धवेळच आहोत.

सभागृहं आता पुन्हा भरली आहेत. महागाई वाढली म्हणून मानधनवाढीचा प्रस्ताव आज ना उद्या येईल, तेव्हा घसा तयार ठेवून असा. त्यात एखादा जण उभा राहून जाहीर करेल की मी मानधनाचा एक पैसाही घेणार नाही. तोच आपला माणूस. महिना २५ हजारांची ज्याला गरज नाही, त्याला कशाची गरज आहे, असलं काही विचारून त्याचा अपमान करू नका. सोसायटीत त्याचा जाहीर सत्कार ठेवा, शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर. मांडवाचा आणि जेवणाचा खर्च तोच करेल.