तिसऱ्यांदा चढताना : मनोरीच्या नाखवांना उत्तर

नाखवा, नमस्कार.

कयाकवरून (एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीवरून) एकट्याने मासेमारी करताना उलटलो तर परत कसं चढायचं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत ते बाकीच्यांनीही वाचावं म्हणून आधी तेच देतो.

"लाइफ जाकीट घालून पाण्यातून वर चढता येत नाही, ते पोटाशी आडवं येतं. आमच्या बापजाद्यांनी कधी घातलं नाही. मारव्याच्या खाडीत, गुळगुळीत पाण्यात उलटून-सुलटून दाखवलंत, त्याला सुटका म्हणत नाहीत. बाहेर मतलई वारा सुटलेला असताना चढून दाखवा. शहरातल्या पोरांना एकटं पाठवताय आणि ती बुडायला लागली की शोधायला आम्हीच जायचं."

वीस वर्षं खलाशी म्हणून काढलेल्या माणसाशी समुद्रावरून वाद घालायचा म्हणजे धाडसच. तरी जाकिटाबद्दल घालणार आहे. खाडीबद्दल मात्र तुमचं म्हणणं खरं, आणि ते किती खरं हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण ती गोष्ट मी लेखात लिहिलीच नव्हती. लाज वाटली म्हणून.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. तिथी चतुर्थी. (तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी: आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे.) म्हणजे पहाटे तीनला भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सातला निघायचं, ओहोटीच्या शेवटाबरोबर बाहेर पडायचं, पाणी थांबेल तेव्हा रावसाला गळ टाकायचा आणि भरतीच्या पाठीवर बसून परत यायचं, असा बेत. बेत वाईट नव्हता. आजही असाच आखतो.

खाडीच्या तोंडाबाहेर आठच्या सुमारास मासा लागला. रॉड एका बाजूला, मी त्याच बाजूला, आणि पुढच्या क्षणी पाण्यात. कयाक पालथी. खाडीत वीस वेळा केलं होतं तसं केलं: पालथ्या तळावरून हात पलीकडे टाकून दूरची कड धरली, गुडघे जवळच्या कडेला टेकवले आणि मागे भार टाकला. कयाक सुलटी झाली. पाय मागे मारत अंग पाण्यावर आडवं केलं, छाती आत ओढली, मग पोट, मग कुल्ला फिरवून बैठक. सगळं अगदी लेखातल्यासारखं. आणि बसतोय तोच दुसऱ्या बाजूने परत पाण्यात.

का, ते नंतर कळलं. पुढच्या खणाचं झाकण मी नीट दाबलं नव्हतं. कयाक पालथी असताना आत बादली-दोन बादल्या पाणी शिरलं होतं. तेवढ्या पाण्याने कयाक बुडत नाही, पण मी एका बाजूला कललो की ते पाणीही त्याच बाजूला धावतं. खाडीत सराव करताना मी दर वेळी झाकण घट्ट लावायचो, कारण सराव होता ना!

दुसऱ्यांदा दंडात जोर राहिला नव्हता. घोट्याला गळाची विणलेल्या धाग्याची (ब्रेड) लाइन गुंडाळली गेली होती, आणि ती हाताने तुटत नाही, बोट कापतं पण ती तुटत नाही. वर पूर्वेकडून मतलई, खाली ओहोटी, दोन्ही मला बाहेर नेत होते. भरती लागायला अजून तासभर होता. एक गोष्ट तेवढी बरोबर झाली होती, ती म्हणजे वल्हं कयाकला दोरीने बांधलेलं होतं आणि वल्हं मी सोडलं नव्हतं. रिकामी कयाक वाऱ्यावर पोहणाऱ्यापेक्षा जोरात पळते. माणूस गमावला जातो तो बहुतेक वेळा असा, बुडून नाही, बोटीपासून सुटून. नंतर दमून बुडतो ते वेगळं.

मग मला एक बोया सापडला. कुणाच्या तरी जाळ्याचा. त्याच्या दोरीत कोपर अडकवून मी पंधराएक मिनिटं नुसता श्वास घेत राहिलो. कयाक त्याला बांधली नाही, कारण वाहत्या पाण्यात आडवी बांधलेली कयाक लगेच पाणी घेते. जाकिटाच्या खांद्यावरची छोटी सुरी काढून लाइन कापली. तिसऱ्यांदा चढलो तो घाई न करता: आधी पोटावर पालथा पडून राहिलो, कयाक डोलायची थांबली, मग पाय दोन्ही बाजूंना सोडले, मगच उठून बसलो. खण उघडून कापलेल्या बाटलीने पाणी उपसलं. नऊनंतर भरतीबरोबर आत आलो. घरी सांगितलं, मासा सुटला.

तेव्हा नाखवा, गुळगुळीत पाण्यातला सराव म्हणजे सुटका नव्हे, हे मान्य. पण तो सराव नसता तर पहिल्यांदाही चढलो नसतो. खाडीत सुरुवात करायची, तिथे थांबायचं नाही. लेखात "दहा सफरी झाल्या की एकट्याने जायला हरकत नाही" असं एक वाक्य होतं. ते आज काढलं. त्या जागी लिहिलंय: सोबत दुसरी कयाक असताना, बाहेरच्या लाटेत, सफरीच्या शेवटी दमलेल्या अवस्थेत, अंगावर असतील त्याच कपड्यांत, लागोपाठ तीनदा चढता आलं पाहिजे. दोनदाच आलं तर एकट्याने जायचं नाही. सफरींची संख्या मोजण्यात अर्थ नाही. शंभर सफरी न उलटता केलेल्या माणसाला उलटल्यावर काय होतं ते माहीतच नसतं.

आता जाकीट. तुम्ही म्हणता ते आडवं येतं. येतं. मलाही आलं. पण घरी येऊन पाहिलं तर फोम फारसा आडवा आला नव्हता, पुढच्या खिशातली पक्कड आणि ल्युअरची (नकली आमिषांची) डबी कडेला अडकत होती. खिसे रिकामे केले, बाजूचे पट्टे आवळले, की तेच जाकीट घालून चढता येतं. हवेने फुगणारं जाकीट मात्र कयाकवर नकोच, पाण्यात पडताच छातीवर उशी फुगते आणि मग खरंच चढता येत नाही. फोमचंच घ्या, पाठीकडचा फोम उंच असलेलं, म्हणजे बैठकीच्या पाठीशी भांडत नाही.

बापजाद्यांचं म्हणाल, तर त्यांच्या होडीत तांडेल धरून चार-पाच माणसं असायची. एक पडला तर दुसरा काखेत हात घालून ओढायचा. कयाकवर ओढायला कुणी नसतं. आणि खरं सांगू का, त्यांच्यातले जे परत आले नाहीत ते जाकिटाबद्दल काय म्हणाले असते, हे आपण विचारू शकत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाच्या बोटीला अपघात झाल्यानंतर गेटवेला जाकीट अंगात चढवायची सक्ती आली. त्याआधी तिथे किती जण घालायचे, हे तुम्हीही पाहिलंय. बोयाला लटकून पंधरा मिनिटं श्वास घेता आला तो जाकीट होतं म्हणून. एका हाताने लाइन कापायची, दुसऱ्याने बोया धरायचा, मग तरंगायचं कशाने?

तिसरं, एकटं जाणं. इथे मी तुमचं अर्धंच ऐकणार. एकटा जातो, जाणार. पहाटे साडेपाचला उठून मारव्याला यायला तयार असलेला दुसरा गळवाला मला मुंबईत अजून मिळालेला नाही, आणि मिळाला तर तो बोलतो फार. पण शोधायला तुम्हाला यावं लागतं, ही तुमची तक्रार मनाला लागली. त्यावर एवढंच करता येतं की शोधायची वेळ आलीच तर कुठे, हे किनाऱ्यावर कुणाला तरी माहीत असावं. निघताना बहिणीला तीन गोष्टी लिहून पाठवतो: कुठून उतरलो, कुठवर जाणार, किती वाजता फोन करणार. साडेअकरापर्यंत फोन नाही आला तर तिने आधी त्या किनाऱ्यावरच्या ओळखीच्या बोटवाल्याला फोन करायचा आणि लगेच तटरक्षक दलाला, १५५४ वर. ती वाट पाहत बसणार नाही, असं वचन घेतलंय. वेळ विसरलो म्हणून एकदा बोलणी खाल्ली आहेत. खावीत.

परदेशी व्हिडिओ पाहणाऱ्या पोरांसाठी इथे दोन शब्द. ते लोक थंड पाण्याच्या सूटबद्दल तासभर बोलतात. आपला समुद्र जानेवारीतही पंचविशीच्या आसपास असतो, आपल्याला मारतं ते ऊन, तहान आणि दमणूक. ते उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र दाखवतात. आपल्याकडे ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, लोकांना अटक झाली आहे. व्हीएचएफ रेडिओ संचालाही परवाना लागतो. मग उरतो फोन. तो पाणीबंद पिशवीत ठेवा, पण ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही, हे घरी बादलीत हात बुडवून तपासा. शिट्टी जवळच्या होडीसाठी ठीक, ट्रॉलरच्या इंजिनापुढे ती कुणाला ऐकू येणार? काठीवर भगव्या-नारिंगी रंगाचा झेंडा लावा. पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं जेमतेम वीतभर वर असतं. सपाट समुद्रावरही त्याला दीड-पावणेदोन किलोमीटरपलीकडचं पाणी दिसत नाही, लाटेत तर पुढची लाटच दिसते. त्याला शोधणाऱ्याचं काय होत असेल ते तुम्हीच सांगाल.

आणि २००८ नंतर या किनाऱ्यावर अनोळखी छोटी होडी दिसली की प्रश्न होतातच, झालेही पाहिजेत. सागरी पोलिसांच्या चौकीत आणि कोळीवाड्यात आधीच तोंडओळख ठेवलेली बरी. जाळ्यांपासून लांब राहायचं हेही मी लेखात एका ओळीत उरकलं होतं. डोलीच्या (प्रवाहात खुंटांना बांधलेल्या जाळ्याच्या) खुंटांकडे ओहोटी कयाक ओढून नेते तेव्हा वल्हं काही करू शकत नाही: आपला वेग तीन नॉट, पाणी दोनने वाहत असेल तर हातात उरतो एक. उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या मधल्या दोन तासांत, म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी उतरतं तेव्हा, खाडीच्या तोंडाशी जायचंच नाही. हे आता वेगळा परिच्छेद करून टाकलंय.

एक काम आहे तुमच्याकडे. तो बोया पांढऱ्या थर्माकोलचा होता, वर निळी चिंधी, मनोरीच्या तोंडापासून थोडा उत्तरेला. लाइन कापली तेव्हा माझा तिहेरी गळ त्याच्या दोरीत रुतून राहिला. जाळं ओढताना कुणाच्या हातात गेला असेल, या विचाराने दोन वर्षं बरं वाटत नाही. जाळं कुणाचं, ते तुम्हाला चिंधीवरून ओळखता येईल. कळवा, मी येऊन भेटतो.