खरी अडचण डोपिंगची

हिऱ्याचे ट्रान्झिस्टर करणाऱ्या, जपानमधल्या वासेदा विद्यापीठाच्या हिरोशी कावारादांवरचा तुमचा लेख आवडला, पण 'हिरा तांब्याच्या पाचपट उष्णता वाहून नेतो, म्हणून तो सिलिकॉनची जागा घेणार' हे वाक्य खटकलं. उष्णतेचं खरं आहे. अडचण डोपिंगची आहे, म्हणजे वीज वाहावी म्हणून बोरॉनसारखे परके अणू मिसळण्याची! बोरॉनकडून होल (वीज वाहून नेणारी इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) मोकळं व्हायला हिऱ्यात ०.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते, सिलिकॉनमध्ये ०.०४५. खोलीच्या तापमानाला हिऱ्यातला बहुतेक बोरॉन निष्क्रिय राहतो. कावारादांचं मोठेपण इथेच आहे. पृष्ठभागावर हायड्रोजन बसवला की बोरॉनशिवायही वाहक थर मिळतो. त्यावर त्यांनी १९९४ मध्येच ट्रान्झिस्टर करून दाखवले. लेखात हायड्रोजनचा उल्लेखही नाही.

हा थर किती नाजूक, ते मी पीएचडी करताना अनुभवलंय. नमुना निर्वातात तापवला आणि वहन जवळजवळ गेलंच. हायड्रोजन निघून गेला असं समजून मी आठवडाभर हळहळत होतो. नंतर कळलं, वहनाला लागणारे, हवेतून चिकटलेले रेणू तेवढे उडाले होते; हवेत ठेवल्यावर वहन परत आलं. हवेवरचं हे अवलंबित्व काढायला कावारादांच्या गटाने वर अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) थर चढवला. या कामाला किती वर्षं गेली, ते लेखात यायला हवं होतं.