भात्याची हवा

परवाच्या कार्यक्रमात मी जीव तोडून पेटी वाजवली आणि लोकांना ऐकू गेली फक्त भात्याची हवा. बिघाड नव्हता, ठरवून केलं होतं. पेटीला दोन माइक होते, एक सुरांपाशी आणि एक थेट भात्याला चिकटवलेला. लॅपटॉपवाल्या मुलाने ऐन वेळी सुरांचा माइक बंद केला. का, तर "सर, तुमचे सूर जरा जास्तच सुरात येतात. भाता मात्र कमाल आहे." मी सुरात वाजवतो अशी तक्रार आमच्या गुरुजींनीही कधी केली नव्हती.

तर आमचं हे प्रायोगिक संगीत. मी पेटीवर, तो मुलगा लॅपटॉप आणि वायरींच्या गुंत्यामागे, आणि तिसरी एक मुलगी, जी गावभर फिरून आवाज गोळा करते. तिला एसटीचा आवाज हवा होता. म्हणून भल्या सकाळी आम्ही तालुक्याच्या स्टँडवर. ती कानाला हेडफोन लावून उभी, हातात काठीला बांधलेला केसाळ माइक. माझ्याकडे वायर धरायचं काम.

बाकावर एक गृहस्थ बसले होते. टोपी, पिशवी, पिशवीतून डोकावणारी छत्री.

"हे काय, मुंगूस का?"

"माइक आहे काका," मुलगी म्हणाली. "वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून केस."

"कुठलं चॅनेल?"

"चॅनेल नाही. बसचा आवाज घेतोय."

"कुठल्या बसचा?"

"कुठल्याही."

इथे काका अडकले. "म्हणजे तुम्हाला कुठं जायचं नाही?"

"नाही."

"मग स्टँडवर कशाला आलात?"

यावर तिने त्यांना पाच मिनिटं समजावलं, की रोजच्या आवाजातही संगीत असतं, आपण ऐकत नाही इतकंच. काकांनी शांतपणे ऐकलं आणि समोरच्या गाडीकडे बोट केलं. "मग ही नका घेऊ. हिचं इंजिन ठोकतंय. मागून आष्ट्याची येईल, ती घ्या." आष्ट्याची आली. काका उठले, ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेले आणि ओरडले, "ओ, जरा हॉर्न द्या! रेडिओवर जाणारे!" ड्रायव्हरने दिला. शेजारच्या फलाटावरच्याला राहवेना, त्यानेही दिला. मग कंडक्टरने कारण नसताना डबल बेल मारली, गाडी हलली आणि दोन प्रवासी तिच्यामागे धावत सुटले. मुलीच्या डोळ्यांत आनंदाश्रू. काका हात वर करून, "थांबा, नीट नाही आला, परत घ्या!"

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि तुम्ही काय करता?"

"पेटी वाजवतो."

"कुठाय?"

"घरी."

"मग तुम्ही इथं काय करताय?"

मी वायर दाखवली. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

पॅरिसमध्ये १९४८ साली पिएर शेफर नावाच्या रेडिओतल्या माणसाने बातिन्योल स्टेशनवर आगगाड्यांचे आवाज टिपले, त्यांची रचना केली आणि ती फ्रेंच रेडिओवर वाजवली. त्याला फलाटावर आमचे काका भेटले नाहीत, हे त्याचं नशीब. आणि हे आपल्याकडे कालपरवा आलं असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, बसवून दिला, आणि संगीतकार गीता साराभाईंसारखी माणसं त्यावर काम करू लागली. त्याच वेळी आकाशवाणीत हार्मोनियमला बंदी होती! १९४० पासूनची. कारण काय, तर मींड निघत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरता येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, लागत नाहीत, आणि वाद्य परकं. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे अमेरिकेहून आलेल्या यंत्राचं अहमदाबादेत स्वागत, आणि घरोघरच्या भजनातली पेटी स्टुडिओच्या दाराबाहेर. आता दार उघडलं, तर आत फक्त हवा घेतात. असल्या यंत्राच्या संगीताला जे नाक मुरडतात त्यांचंही नवल वाटतं. रियाजाला बसताना तेच गवई डब्यातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात, तेव्हा परंपरा बुडत नाही.

असो. कार्यक्रमात अंधारात माझा भाता उसासे टाकत होता, त्यावर खालून कसलीशी घरघर, आणि मग अचानक चारी बाजूंच्या स्पीकरमधून, "थांबा, नीट नाही आला, परत घ्या!" टाळ्या. संध्याकाळभरात टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच. मुलाने ते वाक्य उलटं वाजवलं, तुकडे करून वाजवलं, खर्जात उतरवून वाजवलं. मुलीने काकांना रीतसर बोलावलंही होतं. ते पहिल्या रांगेत सहकुटुंब, प्रत्येक वेळी बायकोला कोपराने ढोसत.

शेवटी संयोजकांनी त्यांना शाल आणि नारळ दिला. मला मानधनाबद्दल म्हणाले, "सर, सध्या फंडिंगचं बघतोय. पण पोहोच मोठी मिळते." पोहोच! तबलजीला असं सांगून बघा, हातोडी उचलेल. लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत जातो, माझ्या पेटीला येता-जाता रिक्षा लागते. रियाजाची वर्षं तर कुणी धरतच नाही. निघताना काका भेटले, नारळ काखेत. म्हणाले, "तुमची पेटी काही ऐकू आली नाही हो. वायर सुटली होती का?"